मदत हवी आहे: तीन सायकलींना एकच माप दिलं आणि गुडघा धरला. सीट-हँडलमध्ये किती फरक चालतो?

नमस्कार मंडळी.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. उद्यमबागेत एका मशिन शॉपमध्ये लेथवर सेटर आहे. वय ४७, उंची ५ फूट ७ इंच. महिनाभर उजवा गुडघा दुखतोय, वाटीच्या खाली, पुढच्या बाजूला. जिना उतरताना जास्त. दुखणं गुडघ्याचं असलं तरी त्याचं मूळ मी सायकलींवर जे करून बसलोय त्यात आहे अशी माझी खात्री झालीय, म्हणून इथं विचारतोय.

घरात तीन सायकली आहेत. पहिली वडिलांची काळी, २८ इंची चाकाची, सळईच्या ब्रेकची, स्प्रिंगच्या चामडी सीटची. तिच्यावरून रोज कामावर, जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर. दुसरी पोराची हायब्रिड, सरळ हँडलची. तो कॉलेजला गाडीवरून जायला लागल्यापासून ती माझ्याकडं आहे, बाजार आणि संध्याकाळी राजहंसगडाचा चढ तिच्यावर. तिसरी दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली रोडबाईक, शर्यतीच्या धाटणीची, खाली वळलेल्या हँडलची. रविवारी पहाटे तिच्यावरून पिरनवाडी, किणये करत जांबोटी, आणि दम असला तर पुढं कणकुंबी.

तिघींचीही बैठक वेगळी. तरी एकीवरून उतरून दुसरीवर बसलो की दहा मिनिटांत अंग जुळवून घ्यायचं. कधी काही दुखलं नाही.

गणपतीनंतर मात्र डोक्यात आलं की रोडबाईक अंगाला इतकी बरोबर बसलीय, तर बाकीच्या दोघींना तेच माप का देऊ नये? आमच्या कामात ड्रॉइंग एक म्हटलं की शंभरावा पीस पहिल्यासारखाच निघाला पाहिजे. तोच हिशोब इथं लावला. भिंतीला टेकून, दोन पायांत पुस्तक धरून पायाचं आतलं माप घेतलं, ८१० मिमी भरलं. सीटच्या उंचीसाठी सायकलवाले त्याला ०.८८३ नं गुणतात, तसं गुणलं की ७१५. रोडबाईकची सीट नेमकी तेवढ्यावरच होती, त्यामुळं मला वाटलं हाच आकडा खरा.

एका रविवारी दुपारी पडवीत तिन्ही सायकली ओळीनं लावल्या. पोरानं हँडल धरलं, मी पॅडलचे दांडे (क्रँक) जिथं फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटच्या मधापासून सीटच्या डोक्यापर्यंत टेप लावला. काळीची सीट ७५२ निघाली. वडील माझ्यापेक्षा उंच, त्यांनी ठेवली तशीच ती राहिली होती. खाली करून ७१५ केली. मग ओळंबा सोडून पाहिलं तर तिची सीट रोडबाईकपेक्षा सहा सेंटिमीटर मागं. तीही जाईल तेवढी पुढं सरकवली. हायब्रिडची सीट ७१८ ची ७१५ केली आणि हात रोडबाईकच्या हुडपर्यंत, म्हणजे ब्रेकच्या रबरी मुठींपर्यंत, जातात तेवढेच लांब जावेत म्हणून हँडल पुढं धरणारी ८० ची स्टेम काढून १२० ची घातली.

पंधरा दिवसांत काळीवर गुडघा धरला. हायब्रिडवर राजहंसगड उतरून खाली येईपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मान आखडते. रोडबाईकवर अजूनही काही नाही.

क्रँकची लांबी मोजलीय: काळी १६५, हायब्रिड १७०, रोडबाईक १७२.५.

मला विचारायचंय ते हे. एकाच माणसाच्या दोन-तीन सायकलींत सीट-हँडलचा किती फरक अंग सोसतं? कुठलं माप सगळीकडं एकच हवं आणि कुठलं वेगळं असलं तरी चालतं? आणि आकडा एकच ठेवून एकीवर सुख, दुसरीवर दुखणं, हे कसं? काळी सोडून द्या म्हणू नका एवढी विनंती. वडील तीस वर्षं तिच्यावरून कारखान्याला गेले, ती माझ्याकडून सुटणार नाही.

*

प्रतिसाद

दादा, मी निपाणीची, फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतःही सायकल चालवते. उत्तर देण्याआधी दोन गोष्टी मोजून सांगाल का? काळीवर तुम्ही बसल्यावर सीट किती दबते? आणि कामावर जाताना पायात काय असतं, त्याचा तळवा किती जाड?

*

धागाकर्ता

ताई, मोजलं. सीटच्या मागच्या कडेला खडूची खूण केली, पोराला हाइट गेज धरायला लावलं आणि हळूच बसलो. १२ मिमी दबली. पायात सेफ्टी शूज, तळवा २८. काळीचं पॅडल रबरी ठोकळ्याचं आहे, त्याच्या आसाच्या (स्पिंडल) मधापासून रबराच्या वरपर्यंत १५. रोडबाईकचा बूट, तो पॅडलला अडकवणारी क्लीट, पॅडल सगळं धरून स्पिंडल ते पाऊल २०. तिची सीट कडक, दबत नाही म्हणायची.

*

प्रतिसाद

मग हे बघा. पायाला सीटचा आकडा कळत नाही. पॅडल सगळ्यात खाली असताना सीटपासून पावलापर्यंत अंतर किती, तेवढंच त्याला कळतं.

रोडबाईक: ७१५ अधिक क्रँक १७२.५, म्हणजे ८८७.५. त्यातून २० वजा, राहिले ८६७.५.

काळी: ७१५ अधिक १६५, म्हणजे ८८०. त्यातून दबलेले १२ वजा, पॅडल आणि तळव्याचे मिळून ४३ वजा, राहिले ८२५.

एकच आकडा ठेवून तुम्ही सव्वाचार सेंटिमीटरचा फरक तयार केलात. एवढ्या खाली बसून पॅडल मारलं की गुडघा पूर्ण उघडतच नाही, प्रत्येक फेरीला वाटीवर दाब येतो. त्यात सीट पुढं ओढल्यामुळं तो आणखी दुमडला. वाटीखाली पुढच्या बाजूला दुखणं ही सीट खाली असल्याची नेहमीची खूण आहे. आता उलटा हिशोब करा. ७१५ मध्ये हे ४२.५ मिळवले की ७५७.५ येतात. वडिलांची सीट ७५२ वर होती. तुमचं अंग इतकी वर्षं का कुरकुरलं नाही ते यात आलं.

०.८८३ चं गणित शर्यतपटू ग्रेग लेमाँड आणि त्यांचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्यामुळं जगभर पसरलं. ते बॉटम ब्रॅकेटपासून मोजतं, त्यामुळं क्रँक, बूट, स्प्रिंग यांचा त्यात विचारच नाही. १९६७ मध्ये हॅम्ली आणि थॉमस यांनी पॅडलपासून मोजून आतल्या मापाच्या १.०९ पट सांगितलं होतं. तुमच्यासाठी ते ८८३ येतं. वेगवेगळ्या क्रँकच्या सायकली शेजारी लावायच्या तर मला हे जवळचं वाटतं. पण दोन्ही फक्त सुरुवातीला धरायचे आकडे. मी पेशंटचं पॅडल खाली असताना गुडघा किती वाकलाय ते बघते, २५ ते ३५ अंशांत असला की पुढं जाते.

हाताचं माप मात्र सगळीकडं एकच हवं असं अजिबात नाही. काळीच्या सीटची नळी मागं झुकलेली असते, हँडल अंगाकडं वळलेलं, आपण ताठ बसतो आणि वजन बुडावर येतं. सीट मागं असणं हा तिच्या बैठकीचाच भाग आहे, ती परत मागं न्या. रोडबाईकवर कंबर पुढं कलते म्हणून लांब हात सोसतात. हायब्रिडचं सरळ हँडल लांब नेलंत, पण त्यावर मनगट वेगळ्या कोनात असतं आणि हात बदलायला दुसरी जागा नाही. सगळं वजन तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूला आलं, तिथली नस दबली. ८० ची स्टेम परत घाला. शर्यतवालेसुद्धा टाइम ट्रायलच्या, म्हणजे एकट्यानं घड्याळाशी लढायच्या शर्यतीच्या, सायकलीवर सीट पुढं आणि कोपर खाली अशी अगदी निराळी बैठक घेतात. कमरेपाशी कोन फार आवळला जाऊ नये एवढं सांभाळतात.

किती फरक चालतो म्हणाल, तर माझा अनुभव असा: सीट ते पाऊल अंतरात पाच मिमीपर्यंत कुणी तक्रार करत नाही. दहाच्या पुढं गेलं की रोजच्या सायकलीवर हळूहळू कळतं. हँडलमध्ये तीन-चार सेंटिमीटरही चालून जातं, बैठक त्या सायकलीला साजेशी असली म्हणजे. पण माणसागणिक हे बदलतं. शर्यतपटू एडी मर्क्स यांच्या १९६९ साली फ्रान्समधल्या ब्लोआच्या ट्रॅकवर पडून कंबरेचं दुखणं मागं लागलं, त्यानंतर ते एकसारखी सीट वर-खाली करत राहिले.

सीट एकदम वर नेऊ नका, आठवड्याला दहा मिमी. गुडघ्याला सूज असेल किंवा पाय लचकत असेल तर मात्र सायकल ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

*

धागाकर्ता

ताई, तीन आठवड्यांनी लिहितोय. सूज नव्हती. काळीची सीट मागं नेली, ७२५, ७३५ करत काल ७४५ वर आणली. कारखान्याचा जिना आता कठडा न धरता उतरतो. ८० ची स्टेम पोरानं माळ्यावरून शोधून दिली, बोटं मोकळी झाली. मायक्रॉन मोजण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या बुटाचा तळवा मोजायचं सुचलं नव्हतं. तुमचे उपकार आहेत.

एक राहिलंच. जूनपासून चार महिने मी गमबूट घालून जातो, त्याचा तळवा ३२ भरतो. तेव्हा सीट ४ मिमी वर करू का?

*

प्रतिसाद

नको दादा, ४ मिमीसाठी पाना काढू नका. येळ्ळूरच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला तुमच्या स्प्रिंगा त्याहून जास्त हलतात. ७५२ ला पोचलात की सीटच्या नळीवर खूण करून ठेवा.