विहिरीतलं क्लोरीन सकाळपर्यंत टिकत नाही, मदत हवी आहे (मेळघाट)

धारणी तालुक्यातल्या एका कोरकू गावात बचत गटातल्या बाया अन् कॉलेजची पोरं पावसाळ्यात विहिरीचं पाणी स्वतः तपासतात. विहीर ३ मीटर व्यासाची, पाणी ४ मीटर. व्यास × व्यास × खोली × ७८५ केलं की साधारण २८,००० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅमच्या हिशोबानं १४० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) बादलीत कालवतात, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडतात. तासाभरानं ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी) पिवळा रंग नीट येतो. सकाळी मात्र रंगच नाही, अन् त्याच पाण्याची एच-टू-एस बाटली (विष्ठेतले जंतू असले की काळी होणारी तपासणीची बाटली) दुसऱ्या दिवशी काळी पडते.

पावडर नवी, हवाबंद डब्यातली आहे. संशय सागाच्या कुजलेल्या पाल्यावर, नाहीतर कठड्याच्या भेगेतून झिरपणाऱ्या गढूळ पाण्यावर. यातलं नेमकं कोणतं, ते कसं ओळखायचं? डोस वाढवला तर वास येतो अन् लोक सरळ नाल्याच्या झिऱ्यावर जातात, तिथं धोका जास्तच.

नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची दुहेरी मडक्याची पद्धत (एकात एक छिद्रांची मडकी विहिरीत सोडायची, क्लोरीन हळूहळू सुटतं; आत १ किलो टीसीएल, २ किलो जाड रेती) साधारण ४,५०० लिटरच्या घरगुती विहिरीसाठी आहे. एवढ्या मोठ्या विहिरीत कोणी वापरली का? मडकी किती सोडली? छिद्रं चुन्यानं बुजतात, त्यावर काय केलं?