मदत हवी आहे: ७०,००० मध्ये गेमिंग पीसी, पैसे ग्राफिक्स कार्डात घालू की मदरबोर्डात?

नमस्कार मंडळी,

या महिन्यात भिशी उचलली आणि साठवलेले धरून हातात ७०,००० झाले. तयार पीसी न घेता पार्ट निवडून स्वतः जोडायचा आहे. मॉनिटर, कीबोर्ड, माउस जुनेच चालवणार. मॉनिटर १०८० पी, ७५ हर्ट्झचा आहे. म्हणजे सगळे पैसे कॅबिनेटच्या आतल्या वस्तूंना आणि यूपीएसला.

रात्री कामावरून आल्यावर व्हॅलोरंट, सुट्टीला एखादा मोठा गेम, एवढा माझा वापर. पण धाकटा भाऊ आसपासच्या गावांतली कुस्तीची मैदानं मोबाईलवर ४के मध्ये शूट करतो. निकाली कुस्तीची क्लिप त्याला त्याच रात्री टाकायची असते. सध्याच्या लॅपटॉपवर टाइमलाइन सरकवली की चित्र अडकतं आणि हलगीचा आवाज पुढे निघून जातो. पैलवानानं दुहेरी पट काढला तो क्षण नेमका कुठे कापायचा तेच त्याला दिसत नाही. गेमइतकंच त्याचं हे काम सुरळीत व्हावं असं मला फार वाटतं.

दोन जुळण्या काढल्यात. पहिली: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, डीडीआर४ रॅम १६ जीबी, आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड. दुसरी: रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५ १६ जीबी, आणि उरलेल्या पैशात आरएक्स ६६००. पहिलीत कार्ड तगडं, पण एएम४ सॉकेटचा, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचा, रस्ता इथेच संपतो. दुसरीत पुढे फक्त प्रोसेसर बदलून भागेल, पण आज गेममध्ये मार खावा लागेल. त्यात रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे डीडीआर५ घ्यायला हात पुढे होत नाही.

दुकानदार पहिल्या जुळणीत बी४५० बोर्ड सुचवतो. मी नको म्हटलं, कारण ५०६० बोर्डशी डेटा देण्याघेण्याच्या आठच लेन वापरतं आणि बी४५० वर त्या पीसीआयई ३ च्या जुन्या, कमी वेगानं चालतील. रॅमही तो १६ ची एकच पट्टी देत होता. ड्युअल चॅनलसाठी, म्हणजे दोन पट्ट्या एकदम वापरून रॅम वेगानं चालावी म्हणून, मला ८-८ च्या दोन हव्यात.

आता घरचं सांगतो, कारण खरी अडचण तिथे आहे. आम्ही गावभागात राहतो. २०१९ च्या महापुरात तळमजल्यात पाणी होतं, तेव्हापासून किमती वस्तू खाली ठेवत नाही. पीसी वरच्या पत्र्याच्या खोलीत राहणार. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तिथे पंखा गरम हवाच फिरवतो. म्हणून पुढून काच असलेलं कॅबिनेट बाद केलं. जाळीचं घेतोय, पुढे दोन पंखे आणि मागे एक.

विजेचं तर विचारू नका. शेजारची बोअरची मोटर सुरू झाली की आमची ट्यूब क्षणभर मंदावते, आणि वळवाच्या पावसात लाइट तासात चारदा जाते-येते. माझा आधीचा पीसी अशाच एका संध्याकाळी गेला. फट्ट असा आवाज, जळका वास, आणि एसएमपीएससोबत (पीसीला वीज पुरवणारा डबा) मदरबोर्डही गेला. तो एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला होता, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. या वेळच्या कोटेशनमध्येही नुसतं ‘५०० वॅट एसएमपीएस’ लिहिलंय, कंपनीचं नावच नाही. मी ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झवाला (वीज कमी वाया घालवतो याचं प्रमाणपत्र असलेला) मागणार आहे, त्यासाठी दुसरीकडे काटछाट करावी लागली तरी चालेल.

तर यातली कुठली जुळणी घेऊ? आणि घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालेल की यूपीएस वेगळा घ्यावाच लागेल?

प्रतिसाद:

दादा, मी साताऱ्याचा. भावाचं काम बघता तिसरी जुळणी सुचवतो. इंटेलचा आय५ १२४०० प्रोसेसर घ्या, पण नावापुढे एफ नसलेला, आणि डीडीआर४ चालणारा बी६६० किंवा बी७६० बोर्ड. सहा कोअर, बारा थ्रेड याच्यातही आहेत. एफ नसल्यानं आतच ग्राफिक्स मिळतं. उद्या कार्ड वॉरंटीला गेलं तरी केबल बोर्डला लावून एडिटिंग चालू राहील. ५६०० मध्ये ती सोय नाही, कार्ड गेलं की स्क्रीन काळी. शिवाय इंटेलचं क्विक सिंक, म्हणजे प्रोसेसरमधली व्हिडिओ उलगडायची सोय, मोबाईलच्या एच.२६५ प्रकारच्या क्लिपना चांगलं उपयोगी पडतं, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा सपोर्ट आहे का तेवढं बघा. कार्ड ५०६०च ठेवा.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटसारखी सलग लहर न देणारा, असेल तर त्यावर लावू नका. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, अशा लाइटवर तो गुणगुणतो नाहीतर बंद पडतो. यूपीएस वेगळाच घ्या. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅट देतो. ५०६० एकटं १४५ वॅट खातं, प्रोसेसर आणि मॉनिटर धरून तो काठावर येईल. १००० व्हीएचा बघा. आणि बोर्ड आणण्याआधी वायरमनकडून वरच्या खोलीचं अर्थिंग तपासा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर आधी ते काम करा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. एफ आणि बिनएफचा फरक मी फक्त किमतीत बघत होतो, वॉरंटीचं डोक्यातच आलं नव्हतं. इन्व्हर्टर जुना आहे, मागच्या स्टिकरवर स्क्वेअर वेव्हच लिहिलंय. रविवारी वायरमनला बोलावलंय. बोर्ड रॅमच्या चार स्लॉटचाच घेतो, म्हणजे भाव उतरले की भावासाठी आणखी दोन पट्ट्या टाकता येतील. यूपीएसमुळे बजेट थोडं वर जातंय, तेव्हा एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबीची घेतली तर ४के क्लिपांना पुरेल का, की जुनी हार्ड डिस्क सोबत लावू? तेवढं कुणीतरी सांगा.