आसाकुसाची सांजा मात्सुरी कुणी बघितलीय का?

मे महिन्यात आईबाबांना घेऊन टोकियोला चाललोय, आसाकुसाच्या देवळाची जत्रा सापडेल असं दिसतंय. आई जोतिबाच्या चैत्र यात्रेला दरवर्षी जाणारी, तिला ही जत्रा दाखवायचीच आहे. गर्दी झेपेल का? आणि चप्पल कुठं काढायची?

उत्तर १: भावा, मे च्या तिसऱ्या शनिवार-रविवारी असते, आम्ही गेलतो. शनिवारी ४४ गल्ल्यांच्या मिळून शंभरेक पालख्या निघतात, त्यांना मिकोशी म्हणतात, आणि रविवारी पहाटेच देवळाच्या ३ मोठ्या निघतात, खांदेकरी त्या अशा गदागदा हलवतात की मला तर सासनकाठी नाचवतात तेच आठवलं, अंगावर काटाच आला. आईबाबांना शनिवारीच न्या, रविवारी लई रेटारेटी असते.

उत्तर २: एक सांगते दादा, मोठं लाल सेन्सोजी आहे ते बौद्ध मंदिर, जत्रेचं हे देऊळ शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, ते त्याच्या उजव्या हाताला. १६४९ चं आहे, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात सेन्सोजीचा मुख्य हॉल जळाला पण हे वाचलं. देव कोण तर नदीत जाळ्यात कान्नोनची, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेची, मूर्ती सापडलेले दोघे कोळी भाऊ आणि गावचा एक मोठा माणूस! चप्पल आवारात काढायची नसते. आधी हात धुवायचे, मग २ वेळा वाकून नमस्कार, २ टाळ्या, परत १ नमस्कार. पेटीत ५ येनचं नाणं टाका, त्याचा उच्चार तिकडच्या ऋणानुबंध या शब्दासारखाच होतो. काकूंना हे नक्की सांगा.

प्रश्नकर्ता: ताई, आईला वाचून दाखवलं, ती आत्ताच ५ येन मागतीय. शनिवारच धरतो.