५५ की ६५ इंच? क्रिकेट आणि ओटीटीसाठी मोठा टीव्ही : अनुभव धागा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ५५ घ्यायला निघालेली मंडळी ६५ कडे बघू लागली. बजेट ५० ते ८० हजार, मुख्य वापर मॅच आणि ओटीटी, असं धरून लिहा. मॉडेलची नावं दरवर्षी बदलतात, त्यामुळे "अमुकच घ्या" नको. दुकानात आणि घरी नेमकं काय तपासायचं ते सांगा.

भिंतमोज्या
आधी टेप काढा. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांपासून भिंतीपर्यंत जितके फूट, त्याला साडेसातने गुणा; आलेला आकडा म्हणजे इंच. साडेसात फुटांना ५५, पावणेनऊला ६५, दहाला ७५. मॅचसाठी थोडं मोठं चालतं. मात्र घरात अजून एसडी (जुन्या, कमी स्पष्टतेचे) चॅनल बघत असतील तर मोठ्या पडद्यावर ५७६ ओळींचं ते चित्र फिसकटलेलंच दिसणार, त्याला कुठलाही टीव्ही काही करू शकत नाही.

५५ ची रुंदी साधारण १२३ सेंमी, ६५ ची १४५. टेबलावर ठेवणार असाल तर दोन पायांमधलं अंतर स्पेसिफिकेशनमध्ये बघाच. पाय पार कडेला असले की जुन्या टीव्ही युनिटवर बसत नाहीत. ६५ च्या पुढे जाणाऱ्यांनी खोक्याची लांबी आणि लिफ्टची उंचीही जुळवावी. पॅनल आडवं झोपवून न्यायचं नसतं.

मिडविकेट
खेळासाठी खरा प्रश्न रिफ्रेश रेटचा (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, हर्ट्झमध्ये) आहे, आणि जाहिरातीत सगळ्यात जास्त घोळ तिथेच असतो. "मोशन रेट २४०" वगैरे आकडे सोडून द्या, "नेटिव्ह" किती ते विचारा. "१२० हर्ट्झ डीएलजी" लिहिलं असेल तर पॅनल मुळात ६० चं आहे. उभं रिझोल्यूशन निम्मं करून ते १२० वर पळवतात.

आता गंमत बघा. आपल्याकडचं क्रिकेट प्रक्षेपण सेकंदाला ५० फ्रेम्सचं (चित्रांचं) असतं. डीटीएच बॉक्स ५० हर्ट्झचाच सिग्नल देतो, टीव्ही त्याला जुळवून घेतो, कॅमेरा सीमारेषेकडे फिरतो तो सुळकन फिरतो. तीच मॅच ॲपवर लावली की बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींचं आउटपुट ६० वर अडकलेलं असतं. म्हणजे दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते, सेकंदाला दहा बारीक हिसके. लोक इंटरनेटला शिव्या घालतात! १२० च्या पॅनलनेही हे आपोआप सुटत नाही, कारण १२० ला ५० ने पूर्ण भाग जात नाही. टीव्हीने १०० वर उतरायला हवं. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले अँड साउंड, त्यात ॲडव्हान्स्ड, तिथे "मॅच कंटेंट फ्रेम रेट" मिळालं तर चालू करा. हा पर्याय नसलेले टीव्ही आहेत, म्हणून घेण्याआधी रिमोट हातात घेऊन शोधा. २४ फ्रेम्सच्या सिनेमाला मात्र १२० चा थेट फायदा: पाच पटीत बसतं, हिसका नाही.

तिसरा अंपायर
मिडविकेट यांच्या म्हणण्यात एक भर. एमईएमसी (दोन फ्रेम्सच्या मध्ये टीव्हीने स्वतः बनवलेली फ्रेम घालणारी सोय) मॅचला "हाय"वर ठेवू नका. १४० किमी वेगाचा चेंडू ५० फ्रेम्समध्ये एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत सुमारे पाऊण मीटर पुढे गेलेला असतो. मधली फ्रेम टीव्ही अंदाजाने काढतो, आणि पॅडजवळ चेंडू गायब होतो किंवा दोन दिसतात. खालच्या स्कोअरपट्टीच्या कडाही थरथरतात. त्याच सेटिंगमध्ये कस्टम निवडून डी-ब्लर (धूसरपणा कमी करणारं) मध्यम आणि डी-जडर (हिसके कमी करणारं) शून्य किंवा एक. सिनेमाला दोन्ही बंद.

"स्पोर्ट्स मोड"ही नको. गवत पोपटी होतं आणि खेळाडूंचे चेहरे केशरी. फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड लावून बॅकलाइट वाढवा, शार्पनेस दहाच्या आत.

जुनी वायर
क्यूएलईडी म्हणजे एलसीडीवर क्वांटम डॉटचा थर, रंग सुधारतात एवढंच. काळा किती काळा ते बॅकलाइट ठरवतो. या बजेटमध्ये फुल ॲरे लोकल डिमिंग (पडद्यामागचे दिवे भागाभागाने मंद होतात) किंवा मिनी एलईडी (तेच, पण बारीक आणि जास्त दिवे) मिळत असेल तर दोन इंच कमी घ्या पण तेच घ्या. ३०० निट्सच्या (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) टीव्हीवरचा एचडीआरचा (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणाऱ्या चित्राचा) शिक्का नावापुरता असतो. ६०० च्या आसपास गेल्यावर फरक कळतो.

एलसीडी पॅनल दोन प्रकारचं, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक) आयपीएसच्या तिप्पट किंवा जास्त, पण बाजूने बघितलं की रंग फिके. दहा जण खोलीभर पसरून फायनल बघणार असतील तर आयपीएसच बरं. एकाच मॉडेलच्या ५५ मध्ये एक आणि ६५ मध्ये दुसरं पॅनल असू शकतं, म्हणून ज्या इंचाचा घेणार तोच बघा.

दुकानातला डेमो व्हिडिओ बघून काहीच कळत नाही. यूट्यूबवरचा करड्या रंगाचा टेस्ट व्हिडिओ लावा. उभे पट्टे किंवा मळकट ढग दिसले तर कॅमेरा मैदानावर फिरताना हिरवळीवरही तेच दिसणार. थोडेफार प्रत्येक पॅनलमध्ये असतात; मधोमध ठळक असतील तर घेऊ नका. घरी आलेल्या नगावर हीच तपासणी बदलून देण्याच्या मुदतीत उरका.

मिडविकेट
+१. आणि लॅन केबलचा आग्रह धरणाऱ्यांसाठी: बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. ४के ला २५ पुरतात, त्यामुळे लॅन आणि वायफाय दोन्ही चालतं. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ वायफाय पुरे. ॲपवरची मॅच डीटीएचच्या मागेच असते, शेजारी विकेटला ओरडले की समजून घ्या.

साउंडबार "एआरसी" किंवा "ईएआरसी" लिहिलेल्याच एचडीएमआयला जोडा, टीव्हीचा आवाज तिथूनच बाहेर जातो. ऑप्टिकल वायरीतून ओटीटीचा डॉल्बी ॲटमॉस (चहूबाजूंनी येणारा आवाज) जात नाही.

कोकणकडा
भिंतीबद्दल कुणी बोललं नाही. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र) ब्लॉकमध्ये स्क्रूसाठीचे साधे रॉलप्लग धरत नाहीत. त्यासाठीचे लांब नायलॉन अँकर किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून घट्ट बसवायचा बोल्ट) मागा. बसवायला येणाऱ्याकडे ते बहुधा नसतात, आधीच आणून ठेवा. पडद्याचा मध्य जमिनीपासून १०० ते ११० सेंमीवर. हॉलमध्ये पाच फुटांवर टांगलेला टीव्ही शोभेला बरा, पन्नास षटकं बघायला नाही.

खोकं कंपनीचा माणूस आल्यावरच, व्हिडिओ काढत उघडा. वाढीव वॉरंटी घेताना पॅनल त्यात आहे का ते लेखी घ्या. पॅनल बदलायचा खर्च नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ जातो, आणि फुटलेला पडदा वॉरंटीत येत नाहीच.

ज्या टीव्हीवर "१०० ते २४० व्होल्ट" छापलंय त्याला स्टॅबिलायझरपेक्षा चांगल्या अर्थिंगची आणि सर्ज प्रोटेक्टरची गरज जास्त. वळवाच्या दिवसांत कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करू नका. प्लग काढा, आणि डिशची केबल सेट टॉप बॉक्समधून सोडवा. ती राहिली तर झटका बॉक्समधून एचडीएमआयमार्गे टीव्हीच्या बोर्डापर्यंत पोहोचतो.