पिकअपच्या कंपनी डेकचं (गाडीतल्या रेडिओचं) कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, कापलेलं, वर उंदरांनी वायरी कुरतडल्या. पूर्ण हार्नेस (वायरींची अख्खी जुडी) न बदलता जमेल का?

मोंढा_ते_मोंढा

राम राम मंडळी. जुनी घेतलेली सिंगल केबिन पिकअप आहे, १२ व्होल्ट, दोन दारांत दोन स्पीकर. मधी कुणीतरी बाहेरचा डेक बसवताना कंपनीचं कपलर कापलं होतं. नंतर कंपनीचा डेक परत बसवला, पण वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेली. त्यात सीटमागं सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा राहायल्या, उंदीर शिरले आणि ग्लोव्ह बॉक्समागची वायरिंग बऱ्याच ठिकाणी सोलली.

सध्या असं व्हायलंय: चावी काढली की स्टेशनं आणि घड्याळ पुसून जातंय. पार्किंग लाइट लावली की तिचा १० अँपिअरचा फ्यूज उडायलाय, टेललाइट आणि मीटरची लाइटही जातीय. आवाज वाढवला की डेक बंद पडून पुन्हा चालू होतोय. आणि उजवं दार उघडताना-लावताना त्या बाजूचा स्पीकर खरखरतो, कधी दोन्ही स्पीकर एकदम गप.

इथले इलेक्ट्रिशियन म्हणायलेत डॅशबोर्डचा पूर्ण हार्नेस बदला. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि २१ वॅटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प आहे. डेकच्या वायरींचे आणि गाडीच्या वायरींचे रंग जुळंनात. सुरुवात कुठून करू?

गोदाथडी

हार्नेस बदलायची गरज नाही. तुमच्या चार तक्रारी म्हणजे चार वेगवेगळे बिघाड आहेत, एकात एक मिसळू नका.

रंगांचा नाद सोडा. पिवळी कायम करंट, लाल चावीची, काळी अर्थ (बॉडीची मायनस), नारिंगी लाइटची हे रंग बाजारातल्या डेकचे. गाडीच्या बाजूला प्रत्येक कंपनी आपले रंग वापरते. मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, आणि लिहिलं असतं तरी कापलेल्या वायरिंगमध्ये मी मीटरवरच विसंबलो असतो.

आधी डेकचा कोड असेल तर लिहून ठेवा, काही कंपनी डेक बॅटरी काढल्यावर कोड मागतात. मग १० नंबरच्या पान्यानं बॅटरीची मायनस काढा, डेक बाहेर घ्या, जुनी टेप सोलून सगळी टोकं मोकळी आणि एकमेकांपासून लांब करा. मायनस परत जोडा. आता डेक न लावता मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एकेक टोक बघा. चावी काढूनही १२ च्या वर दाखवते ती कायमची. चावी एसीसीवर (इंजिन चालू करण्याआधीच्या टप्प्यावर) नेली की येते आणि काढली की जाते ती चावीची. फक्त पार्किंग लाइट लावल्यावर येते ती डेकच्या लाइटची. प्रत्येकीला कागदी टेपची चिठ्ठी लावा.

अर्थ शोधताना फसू नका. बहुतेक लोक मीटरचा बीप वाजला की अर्थ सापडली म्हणतात. लाइटच्या वायरीवर टेललाइट, पार्किंग, मीटरचे बल्ब समांतर जोडलेले असतात. बल्ब थंड असताना त्याचा रेझिस्टन्स पेटलेल्या बल्बच्या साधारण दहावा हिस्साच असतो, त्यामुळे ती वायरही बॉडीशी बीप देते. अँटेनाच्या बूस्टरला जाणारी वायरही कधी कधी तसंच करते. म्हणून बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्प आणून त्या वायरीला लावा. बल्ब लख्ख पेटला पाहिजे, आणि पेटलेला असताना वायर ते बॅटरी मायनस मीटरवर ०.२ व्होल्टच्या आत पाहिजे. ती खरी अर्थ. पण ही चाचणी आधीच्या तपासणीत ज्या वायरीवर व्होल्ट आले नाहीत त्यांच्यावरच करा, नाही तर लाइटच्या वायरीत बाहेरून करंट घालाल. पिवळ्या नळीतून जाणारी एअरबॅगची वायर आणि एकमेकींना पीळ घातलेली बारीक जोडी, यांना टेस्ट लॅम्प अजिबात लावायचा नाही.

स्टेशनं पुसली जातात त्याचं कारण बहुधा हे: डेकची कायमची आणि चावीची, दोन्ही टोकं पिळून गाडीच्या चावीच्या वायरीला जोडलीत. दोन्ही वेगळी करा, विषय संपला. उलट दोन्ही कायमच्या वायरीला जोडू नका. चावी काढूनही डेक चालू राहील आणि गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की स्टार्टर ओढणार नाही.

पार्किंगच्या फ्यूजसाठी फ्यूज जाळत बसू नका, आणि १५ किंवा २० चा तर टाकूच नका, फ्यूजऐवजी वायर जळेल. उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन पत्त्यांच्या जागी तुमचा २१ वॅटचा बल्ब लावा आणि पार्किंग लाइट चालू करा. बल्ब पूर्ण उजेडानं पेटला तर शॉर्ट आहे. आता ग्लोव्ह बॉक्समागची वायरिंग थोडी थोडी हलवत जा. ज्या ठिकाणी हात लावल्यावर बल्ब एकदम मंद होतो तिथंच सोललेली वायर बॉडीला किंवा डेकच्या पत्र्याला टेकतेय. मंद उजेड राहील, तो टेललाइटच्या बल्बांतून जाणारा करंट, त्याला घाबरू नका.

बालाघाट_ऑटोइलेक्ट्रिक

वरच्यांनी करंटचं सांगितलं, मी स्पीकरचं सांगतो, कारण डेक जळतो तो इथंच.

आताच्या डेकमध्ये स्पीकरची मायनस म्हणजे अर्थ नव्हे. डेक चालू असताना स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या हिशेबानं सुमारे ६ व्होल्ट असतात, आयसी (डेकमधली आवाजाची चिप) दोन्ही बाजूंनी स्पीकर ढकलते. त्यातली कोणतीही वायर पत्र्याला टेकली की आयसी स्वतःला वाचवायला सगळाच आवाज बंद करते. ‘कधी दोन्ही स्पीकर गप’ हे त्याचंच लक्षण. फार जुन्या डेकमध्ये दोन्ही मायनस एकत्र करून अर्थला देत असत. ती सवय अजून काही जणांच्या हातात आहे. तुमच्या जुन्या जोडणीत तसं केलंय का ते पहिलं बघा.

डेक काढलेला असताना मीटर २०० ओमवर ठेवून स्पीकरच्या वायरींची जोडी शोधा. ४ ओमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. जोडी सापडली की त्यातली प्रत्येक वायर ते बॉडी असं मोजा, तिथं मीटरनं काहीच दाखवता कामा नये, शून्य आलं तर वायर बॉडीला टेकलीय. डाव्या-उजव्याचा आणि प्लस-मायनसचा गोंधळ असेल तर दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावा: टक वाजेल तो स्पीकर, आणि कोन बाहेर ढकलला गेला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर प्लस. एका बाजूची उलटी राहिली तर आवाज येतो पण बेस मरतो, आणि लोक स्पीकर बदलत बसतात. गाडीची बॅटरी मात्र स्पीकरला लावू नका.

दाराची खरखर म्हणजे बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर. आतली तार तुटते, वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. मीटर लावून कुणाला तरी दार हलवायला सांगा, आकडा उड्या मारेल. त्या नळीत जोड ठेवायचा नाही, वाकण्याच्या जागी जोड टिकत नाही. ०.७५ स्क्वेअर एमएमची बहुतारी वायर अख्खी नळीतून ओढा, एक जोड दाराच्या आत, दुसरा पायाजवळच्या पॅनेलमागं, आणि दार पूर्ण उघडल्यावरही ताण येणार नाही इतकी ढील ठेवा.

मोंढा_ते_मोंढा

दोघांनाही धन्यवाद. स्पीकरच्या मायनस दोन्ही खरंच अर्थला पिळलेल्या निघाल्या, सोडल्या. पार्किंगचा शॉर्ट डेकच्या मागच्या पट्टीजवळ सापडला. आता आवाज वाढवला की बंद पडायचं राहिलं. कायमच्या वायरीवर मीटर १२.५ दाखवायलाय, म्हणजे करंट तर पुरा आहे ना? त्याच वायरीवर आणि बॉडीवर २१ वॅटचा बल्ब लावला तर ८.१ व्होल्ट आणि बल्ब पिवळा. अर्थ मात्र तुम्ही सांगितल्याप्रमाणं तपासली, ०.१ आली.

गोदाथडी

नुसत्या मीटरला करंट लागतच नाही म्हणण्याइतका कमी लागतो, म्हणून एक तार शिल्लक असली तरी तो १२.५ दाखवणारच. बल्बनं सव्वा-दीड अँपिअर ओढल्यावर साडेचार व्होल्ट वाटेत मेले, म्हणजे त्या वायरीत कुठंतरी तीनेक ओम अडकलेत. ठेका पडला की डेक याहून जास्त ओढतो, व्होल्ट कोसळतात आणि डेक बंद होतो. अर्थ चांगली आहे, त्यामुळे प्लसच्या बाजूलाच शोधा.

बल्ब पेटता ठेवा. मीटरचं काळं टोक बॅटरी मायनसला, लाल टोकानं डेकच्या फ्यूजच्या डोक्यावरचे दोन्ही बारीक धातूचे ठिपके बघा. दोन्हीकडं १२ च्या आसपास असेल तर बिघाड फ्यूजबॉक्सनंतरच्या वायरीत. एका ठिपक्यावर १२ आणि दुसऱ्यावर कमी तर फ्यूज किंवा त्याची पत्ती गंजलेली. दोन्हीवर कमी तर फ्यूजच्या आधी. तुमच्या वर्णनावरून मला कुरतडलेली जागाच वाटते: वीस-पंचवीस तारांपैकी दोन-तीन उरल्या असणार.

मांजराकाठ

जोडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कुरतडलेल्या जागेत उंदराचं मूत वायरीच्या आत चढतं आणि तांबं हिरवं-काळं पडतं. तसल्या तांब्याला सोल्डर धरत नाही. चकाकतं तांबं दिसेपर्यंत मागं कापत जा, कमी पडलं तर तुकडा घाला. कायमची आणि अर्थ १ स्क्वेअर एमएम, स्पीकर ०.७५, डेकच्या लाइटला ०.५ पुरे. घरातली एकतारी वायर नको, धक्क्यानं तुटते.

सोल्डर करणार असाल तर १२-१५ मिलिमीटर सोला, हीट श्रिंक नळी (तापवली की आवळते ती) आधीच सरकवून ठेवा (हे विसरलं की जोड पुन्हा सोडायचा), दोन्ही टोकं एकमेकांवर आडवी घालून विरुद्ध दिशेला गुंडाळा. सोल्डरची तार ६०/४० ची, रोझिनवाली. पत्र्याच्या डाग देण्याचं ॲसिड वापरू नका, सहा महिन्यांत वायर खाऊन टाकतं. टोकानं वायर तापवा आणि सोल्डर वायरीला लावा, गनला नाही. गार झाल्यावर जोड गुळगुळीत दिसला पाहिजे, गोळा बसलेला नको. सोल्डर जिथं संपतो तिथं वायर कडक होते आणि धक्क्यानं तिथंच मोडते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर हार्नेसला बांधून घ्या. सगळे जोड एकाच जागी आणू नका, चार-पाच सेंटिमीटरच्या अंतरानं पुढं-मागं ठेवा. जाडीही कमी राहते आणि एक नळी फाटली तरी शेजारच्याला टेकत नाही.

साधी काळी पीव्हीसी टेप आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही. मे महिन्यात बंद केबिनमध्ये तिचा चिकटा सुटतो, वायरी चिकट होतात आणि धूळ बसते. कापडी हार्नेस टेप घ्या.

बालाघाट_ऑटोइलेक्ट्रिक

सोल्डरबद्दल माझं मत जरा वेगळं. खडी आणि शेतरस्त्यावर चालणाऱ्या पिकअपला मी क्रिंप करतो, म्हणजे जोड पकडीनं दाबून बसवतो: लाल बट कनेक्टर (दोन टोकं जोडायची नळी) ०.५ ते १.५ स्क्वेअर एमएमला चालतो, गोंदवाली हीट श्रिंक असलेला घ्यायचा. पण रॅचेटची क्रिंपिंग पक्कड पाहिजे. साध्या पकडीनं दाबायचं असेल तर त्यापेक्षा मांजराकाठ म्हणतात तसा सोल्डर शंभर टक्के चांगला.

आणि कपलर परत बसवा, डेक थेट जोडू नका. डेकमागचं सॉकेट आयएसओ (ठरलेल्या मापाचं सामाईक) असेल तर तयार वायरीसकट कपलर ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. करंटच्या कपलरमध्ये ४ नंबर कायमचा, ७ चावीचा, ८ अर्थ, ६ लाइट, ५ अँटेनाचा. स्पीकरच्या कपलरमध्ये ३-४ पुढचा उजवा, ५-६ पुढचा डावा, विषम आकडा प्लस. काही गाड्यांत ४ आणि ७ उलटे येतात, म्हणून लावण्याआधी मीटर. सॉकेट कंपनीचं वेगळंच असेल तर त्याच मॉडेलच्या भंगार गाडीतून कपलर घ्या आणि वायरी किमान वीतभर ठेवून कापायला सांगा. कपलरच्या बुडाशी कापून दिलं तर जोडायला जागाच उरत नाही.

मोंढा_ते_मोंढा

फ्यूजच्या दोन्ही ठिपक्यांवर १२.२. वायर ग्लोव्ह बॉक्समागं खरंच तीन-चार तारांवर आलेली. एकच शेवटचं, उंदीर परत आले तर? डांबर गोळ्या ठेवू का?

मांजराकाठ

डांबर गोळ्यांचा वास बंद केबिनमध्ये ड्रायव्हरच्याच डोक्याला चढतो. इंजिनच्या बाजूनं वायरिंग आत येते तिथला रबर ग्रोमेट (भोकातलं रबरी कडं) निसटलाय का बघा, बहुतेक वेळा तोच रस्ता असतो. पायाखालच्या मॅटखाली भोकांची रबरी बुचं असतात, तीही तपासा. नव्या जोडांवर कोरुगेटेड नळी चढवा. ब्लोअरची हवा आत येते त्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी लावा, जाळीचं टोक कोणत्याही वायरीला टेकू देऊ नका. आणि बियाण्याच्या बॅगा रात्री केबिनमध्ये ठेवू नका.