मदत हवी आहे: बॅलेतलं तांद्यू, देगाझे आणि झेते

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, वर्तकनगरला राहतो. लेक बॅले शिकतेय आणि घरचा सराव माझ्यासमोर, खिडकीचा कठडा धरून चालतो. मी लहानपणी कथ्थक शिकले, तत्कार कळतो. इथे मात्र अडते.

तांद्यू समजलं: दोन्ही गुडघे ताठ, पाऊल जमिनीला घासत न्यायचं, आधी टाच उचलते, मग चवडा, शेवटी फक्त बोटांची टोकं टेकलेली. तेच पाऊल जोराने जमिनीपासून जरासं सुटलं की तिच्या बाई देगाझे म्हणतात. आरएडीच्या (लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या) अभ्यासक्रमात त्यालाच ग्लिसे, रशियन वागानोवा पद्धतीत झेते. पण एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलेली उडीसुद्धा झेतेच ना? मग वर्गात नुसतं 'झेते' ऐकल्यावर मुलांनी ओळखायचं कसं? पुढे परीक्षा द्यायची झाली तर कोणती नावं पक्की करून घेऊ?

दुसरं, आणि याची मला जास्त काळजी आहे. पाऊल पाचव्या पोझिशनमध्ये (पावलं बाहेर वळवून एकापुढे एक चिकटवलेली, एकाची टाच दुसऱ्याच्या बोटांपाशी) परत आणताना तिचा घोटा मुरडतो, बोटं आत वळतात. हे मांडीपासून सुधारायचं की घोट्यापासून? ठाणे-नवी मुंबईत कोणी शिकलेलं, शिकवणारं असेल तर कृपया सविस्तर सांगा.