झाडीपट्टीच्या नाटकात पाहण्यासारखं उरलं नाही म्हणता?

साकोलीकर: चार दिवस मुंबई पाहून आलो. पृथ्वी थिएटरात जेमतेम दोनशे खुर्च्या, रंगमंचाच्या तिन्ही बाजूंनी. नटाचा श्वास ऐकू येते. दुसऱ्या दिवशी लाँचने घारापुरी. त्रिमूर्तीसमोरून पाय निघेना. कला पाहावी तर तिथंच. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, नाटकात डान्स सोडून उरलं काय?

वडस्याचा पेटीवाला: भाऊ, शेवटचं पूर्ण नाटक कधी पाहिलं तुम्ही? वीस वर्षं पेटी वाजवून राहिलो, म्हणून विचारतो. भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागते, धान घरी येते, लेकी माहेरी येतात, रात्री अख्खं गाव शामियान्यात. पहाटेपर्यंत म्हाताऱ्या उठत नाहीत. आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती नाटकासाठी, डान्ससाठी नाही. तालीम कमी पडते, प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभं राहावं लागते, हे खरं. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवस कुठून आणू?

तुमसरची सून, मुक्काम कल्याण: पेटीवाले दादा, राग समजते. पण दादरच्या शिवाजी मंदिरात मी एकटी जाते, नाटक पाहते, एकटीच घरी येते. मंडईच्या नाटकाला सासूबाईंसोबत गेले, तर रात्रभर बायांना जायला जागा नव्हती. पोटात पाणी न घेता बसलो दोघी. कलेचं नंतर बोलू.

लाखांदूरचा शेतकरी: डान्स काहून आला ते कोणी सांगत नाही. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बंद केले. पट नाही तर पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत तर तिकीट नाही. मग गावच्या मंडळानं नाटकात डान्स घातला. डिसेंबर २०२१ ला पटाला परवानगी आली, तोवर पोट्ट्यांना तीच सवय लागली होती.

नागपूरची पशुवैद्यक: बंदी उगाच नव्हती. तुतारीनं, म्हणजे टोकदार खिळ्याच्या काठीनं, फोडलेल्या बैलांच्या पुठ्ठ्यांवर मी स्वतः टाके घातले आहेत.

लाखांदूरचा शेतकरी: माझ्या बैलाला पोटच्या पोरावानी सांभाळलं. पटाची जोडी तुम्ही शहरात बसून ठरवाल काय? बंदीत जोडी विकावी लागली. घेणाऱ्यानं दोन बैल दोन ठिकाणी दिले. त्या दिवशी घरी चूल पेटली नाही.

नागपूरची पशुवैद्यक: मी शहरात बसून टाके घालत नाही, गोठ्यात घालते. जोडी फुटली याचं मलाही वाईट वाटलं. पण तुतारी टोचणाऱ्याला तुम्ही पटातून कधी हाकललं का?

लाखांदूरचा शेतकरी: एकदा. आणखी वेळा हाकलायला पाहिजे होतं.

वडस्याचा पेटीवाला: नाटकाचं बोला न बाप्पा! वहिनी, तुमचं म्हणणं पटलं. अंगाला लागलं, पण पटलं. या साली नाटक ठरवायला गावचं मंडळ येईल, तवा बायांच्या सोयीचं आधी विचारतो.

साकोलीकर: पूर्ण नाटक मी सात-आठ वर्षांत पाहिलं नाही, कबूल. यंदा पहाटेपर्यंत बसतो. पण मधात तीन डान्स आले तर माझी वरची पोस्ट खोडणार नाही.